औषधांखेरीज एडीएचडीवर काय करता येते?

प्रश्न एका आईचा आहे. तिचा मुलगा साडेसात वर्षांचा असून दुसरीत शिकतो. वर्गात तो जागेवर बसत नाही, फळ्यावरचे अर्धेच उतरवून घेतो, दर आठवड्याला पेन्सिल नाहीतर पाण्याची बाटली हरवून येतो. घरी अर्ध्या तासाच्या गृहपाठाला अडीच तास लागतात आणि त्यातले दोन तास रडारडीत जातात. बालविकासतज्ज्ञांनी सविस्तर तपासणी करून एडीएचडीचे, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचे, निदान केले व औषध सुचवले. आजी-आजोबांचा औषधाला ठाम विरोध आहे आणि वडिलांचे मत अजून ठरत नाही. औषधाशिवाय काय करता येईल, ते पुरेसे होईल का, आणि मुलाला या सगळ्याविषयी काय सांगावे, असे तिने विचारले आहे. मी गेली २२ वर्षे लहान मुलांची मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आहे आणि हाच प्रश्न जवळजवळ दर आठवड्याला माझ्यासमोर येतो. त्याचे दोन ओळींत दिलेले उत्तर दिशाभूल करणारे ठरेल, म्हणून सविस्तर लिहिते.

औषधांपलीकडचे उपचार म्हणजे औषधांविरुद्धचे उपचार नव्हेत, हे आधी स्पष्ट करते. लक्ष उडणे, सतत हालचाल आणि विचार करण्याआधीच कृती करून बसणे, या एडीएचडीच्या मूळ लक्षणांवर मिथाइलफेनिडेटसारख्या औषधाचा परिणाम इतर उपायांपेक्षा लवकर आणि जास्त दिसतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण औषध दप्तर भरायला शिकवत नाही, भांडण झालेल्या मित्राशी पुन्हा कसे बोलावे हे शिकवत नाही, आणि संध्याकाळी त्याचा असर ओसरल्यावर घरात काय घडावे हेही ठरवत नाही. त्यामुळे औषध सुरू केले तरी आणि न केले तरी पुढे सांगणार आहे ते काम करावेच लागते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सहा वर्षांखालील मुलांसाठी पहिला उपचार म्हणजे पालकांचे वर्तन-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण. सहा वर्षांपासून पुढे औषध आणि वर्तनोपचार ही जोडी. ब्रिटनच्या २०१८ सालच्या सूचनांत पाच वर्षांवरील मुलांसाठीही आधी भोवतालचे वातावरण आणि दिनक्रम बदलून पाहावा, त्यानंतरही अडचण लक्षणीय राहिली तरच औषधाचा विचार करावा, असे म्हटले आहे. तुमचा मुलगा साडेसात वर्षांचा असल्याने तो नेमका त्या वयात आहे, जिथे दोन्ही मार्ग खुले असतात.

अपेक्षा किती ठेवावी हे ठरवायला अमेरिकेतील एक मोठा अभ्यास उपयोगी पडतो. त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्यात ७ ते ९ वर्षांच्या ५७९ मुलांचे चार गट करून १४ महिने उपचार केले : काळजीपूर्वक दिलेले औषध, सघन वर्तनोपचार, दोन्ही एकत्र, आणि परिसरात मिळतील ते नेहमीचे उपचार. मूळ लक्षणांवर औषध असलेले गट सरस ठरले. मात्र दोन्ही उपचार एकत्र मिळालेल्या मुलांना औषधाचा डोस कमी पुरला, आणि पालकांशी असलेले नाते, भीती, सामाजिक वागणूक अशा बाबतींत त्यांना जास्त फायदा झाला. उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षांनी केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गटागटांमधील फरक उरलेला नव्हता. याचा अर्थ मी असा घेते की कोणताही उपचार एकदा करून संपवण्याचा नसतो. तो सुरू असतो तोवरच साथ देतो.

क्रमालाही महत्त्व आहे. विल्यम पेलहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली १४६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आधी वर्तनोपचार सुरू केलेल्या मुलांनी आधी औषध सुरू केलेल्या मुलांपेक्षा वर्गातले नियम कमी वेळा मोडले. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते : ज्यांच्याकडे औषध आधी सुरू झाले, ते पालक नंतर प्रशिक्षणाच्या सत्रांना फारसे आलेच नाहीत. हे माझ्या रोजच्या अनुभवाशी जुळते. मूल थोडे शांत झाले की घरच्यांना वाटते, आता झाले, आणि मग जे शिकायचे ते राहून जाते. म्हणून तुम्ही आधी काही महिने घर आणि शाळा यांवर काम करून पाहिले तर ते मला चुकीचे वाटत नाही. फक्त ते काम मनापासून आणि मोजमाप ठेवून झाले पाहिजे.

निदान झालेले असले तरी काही गोष्टी तपासल्या गेल्या आहेत ना, याची खात्री करून घ्या. ऐकू कमी येणे, दूरचे नीट न दिसणे, शरीरातील लोह कमी असणे, नाकामागच्या ॲडेनॉइड नावाच्या गाठी वाढल्याने रात्री तोंड उघडे टाकून घोरणे आणि त्यामुळे झोपमोड होणे, काही सेकंद शून्यात पाहत राहण्याच्या स्वरूपातील फेपरे, या सगळ्यांत मूल वर्गात हरवल्यासारखे दिसते. एडीएचडीची लक्षणे घरी आणि शाळेत, म्हणजे किमान दोन ठिकाणी, सहा महिन्यांहून अधिक काळ दिसावी लागतात आणि ती बारा वर्षांच्या आधी सुरू झालेली असावी लागतात. केवळ शाळेत, तेही फक्त लेखनाच्या वेळी त्रास होत असेल, तर अध्ययन-अक्षमतेची तपासणी आधी हवी. अनेक मुलांत दोन्ही एकत्र असतात, आणि अशा वेळी जोडाक्षरे वाचता न येणाऱ्या मुलाला नुसते 'लक्ष दे' म्हणणे व्यर्थ ठरते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. या मुलांना काय करायचे हे माहीत नसते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बहुतेकांना ते तोंडपाठ असते. वहीत समास सोडायचा, बाईंना न विचारता उठायचे नाही, बहिणीला मारायचे नाही, हे सगळे माझ्यासमोर खुर्चीत बसून ते नीट सांगतात. अडते ते ऐनवेळी, जेव्हा समोर चेंडू असतो आणि नियम मनात शोधावा लागतो. फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवले की मेंदूच्या बाह्यावरणाची जाडी कमाल होण्याचे मध्यक वय सर्वसाधारण मुलांत सुमारे साडेसात वर्षे, तर एडीएचडी असलेल्या मुलांत सुमारे साडेदहा वर्षे होते, आणि हा उशीर स्वतःला आवरणे व नियोजन करणे यांच्याशी संबंधित पुढच्या भागात सर्वाधिक होता. म्हणजे विकासाची वाट तीच आहे, पण ती उशिरा चालली जाते. म्हणून आठवड्यातून एक तास माझ्या खोलीत मुलाला समजावून फारसे काही साधत नाही. जिथे अडते तिथेच, ज्या क्षणी अडते त्या क्षणी, बाहेरून आधार द्यावा लागतो, आणि त्या क्षणी तिथे मी नसते. तुम्ही असता, त्याच्या बाई असतात. औषधांपलीकडचा सर्वांत भरवशाचा उपचार हा मोठ्या माणसांचे प्रशिक्षण असतो तो या कारणाने. पालकांना याचा अर्थ 'चूक आमची' असा वाटतो आणि काही आया माझ्यासमोर रडतात. तसे अजिबात नाही. एडीएचडी मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे आणि तो संगोपनाच्या चुकीमुळे होत नाही. साधारण मुलाला जेवढे पालकत्व पुरते, तेवढे या मुलाला पुरत नाही, इतकेच.

पालक-प्रशिक्षण साधारण आठ ते बारा सत्रांचे असते. त्याची सुरुवात शिस्तीने होत नाही, नात्याने होते. रोज पंधरा मिनिटे मुलाबरोबर खेळायचे, खेळ त्याने निवडायचा, आणि त्या वेळात प्रश्न विचारायचे नाहीत, शिकवायचे नाही, दुरुस्त करायचे नाही. 'तू लाल ठोकळा वर ठेवलास' असे जे दिसते तेच बोलायचे. हे ऐकायला सोपे वाटते, पण पहिल्या आठवड्यात बहुतेक पालक दोन मिनिटांच्या आत 'हा कुठला रंग, सांग पाहू' असे विचारून मोकळे होतात. ज्या मुलाला दिवसभर बोलणी बसतात, त्याला तुमच्या आवाजात नुसती सोबत ऐकायची सवय पुन्हा लागावी, एवढाच त्यामागचा हेतू आहे. ही पायरी गाळून थेट तक्ते आणि बक्षिसांकडे गेलेली घरे महिन्याभरात थकतात, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

दुसरी पायरी शाबासकीची. आपल्याकडे चांगले वागणे हे गृहीत धरलेले असते आणि फार कौतुक केले तर मूल शेफारेल अशी भीती असते. या मुलांच्या बाबतीत ती भीती बाजूला ठेवा. शाबासकी लगेच आणि नेमकी हवी. 'शहाणा माझा' याने काही कळत नाही. 'मी पहिल्यांदा हाक मारली आणि तू लगेच आलास' याने कळते. सूचना देतानाही हेच पाळायचे. स्वयंपाकघरातून ओरडून दिलेली सूचना त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. जवळ जायचे, खांद्यावर हात ठेवायचा, नजर मिळाली की एकच गोष्ट सांगायची : 'बूट स्टँडवर ठेव.' 'बूट ठेवतोस का?' असे विचारायचे नाही, कारण त्याला 'नाही' हे प्रामाणिक उत्तर असू शकते. सांगून झाल्यावर मनात दहापर्यंत मोजून थांबायचे. हे दहा आकडे पालकांना सर्वांत जड जातात.

तुमच्या घरातल्या गृहपाठाचे उदाहरण घेते, कारण तुमची संध्याकाळ तिथेच खर्च होते. मागच्या वर्षी एका घरी मी स्वतः संध्याकाळी जाऊन बसले होते. साडेसहा वाजता टेबलावर वह्या, कंपासपेटी, पाण्याची बाटली, अर्धवट खाल्लेली बिस्किटे आणि आईचा फोन असे सगळे होते. समोर टीव्हीचा आवाज बंद, पण चित्र चालू. मुलाने दोन गणिते केली, पेन्सिलला टोक काढायला उठला, शार्पनरमधली साल कशी गोल निघते ते पाहत राहिला, परत आला तेव्हा आपण कुठे होतो ते विसरला होता. आईने तासाभरात 'लिही' हा शब्द एकतीस वेळा उच्चारला. मी रेघा मारून मोजले होते. आम्ही त्या टेबलावरून सगळे उचलले. टोक केलेल्या तीन पेन्सिली आणि एकच वही ठेवली. दहा गणितांचे पान घडी घालून तीन गणितेच दिसतील असे केले. स्वयंपाकघरातले टायमरचे घड्याळ सात मिनिटांवर लावून समोर ठेवले, कारण या मुलांना वेळ आतून जाणवत नाही. तो डोळ्यांना दिसावा लागतो. तीन गणिते झाली की उठून गॅलरीत दोरीवरच्या दहा उड्या, मग पुढची तीन. पहिल्या दिवशी भांडण झालेच. तीन आठवड्यांनी गृहपाठ पन्नास मिनिटांवर आला. तो अर्ध्या तासावर कधीच आला नाही, पण रडारड थांबली, आणि त्या घराला तेवढे हवे होते.

गृहपाठाची वेळही पाहा. शाळा, बस आणि शिकवणी करून आलेल्या मुलाला आधी खाणे आणि तासभर मैदान हवे. सातच्या पुढे नवे काही शिकवायचा हट्ट धरू नये. दुसरीतल्या मुलाने ठरलेला वेळ मनापासून काम केले आणि तरीही काही राहिले, तर वहीत तशी चिठ्ठी लिहून वही मिटावी. बहुतेक शिक्षिका हे समजून घेतात, पण त्यासाठी त्यांना आधी भेटावे लागते.

बक्षिसांच्या तक्त्याविषयी मोजकेच सांगते. एका वेळी दोन किंवा तीनच गोष्टी निवडा, त्या 'काय करू नये' अशा नसून 'काय करावे' अशा असू द्या, आणि मोबदला त्याच दिवशी द्या. वार्षिक परीक्षेनंतर मिळणारी सायकल साडेसात वर्षांच्या एडीएचडी असलेल्या मुलाला आजच्या सकाळी उठवत नाही. ठरलेली गोष्ट केली की एक ठिकरी द्यायची, आणि अशा चार ठिकऱ्या जमल्या की रात्री बाबांबरोबर कॅरमचा जास्तीचा डाव, हे उठवते. मिळवलेली ठिकरी कधीही काढून घेऊ नका. दोन-तीन आठवड्यांनी तक्त्यातली गंमत संपते. याचा अर्थ उपाय फसला असा नसून बक्षीस बदलायची वेळ आली असा आहे. मारण्याबद्दल मी संदिग्ध बोलणार नाही : धपाट्याने त्या क्षणाची हालचाल थांबते, पण मूल नियम शिकत नाही, मार चुकवायला आणि खोटे बोलायला शिकते.

एकत्र कुटुंबात सर्वांत मोठी अडचण नियमांची असते. आई एक सांगते, आजी दयेने दुसरे करते, आणि आजोबा म्हणतात, 'आमचा मुलगाही असाच होता, काही बिघडले नाही त्याचे.' या वाक्यात राग मानू नका. ते बहुधा खरे असते. अनेकदा वडिलांनाही लहानपणी हाच त्रास असतो आणि मोठेपणीही फायली, बिले, वेळा यांचा गोंधळ त्यांच्या मागे असतो. वडिलांना तसे वाटत असेल तर त्यांनीही तपासणी करून घ्यावी, कारण ज्याची स्वतःची घडी बसत नाही त्याच्याकडून तक्ता सांभाळण्याची अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. आजी-आजोबांना मी एका सत्राला आवर्जून बोलावते आणि त्यांच्याकडे एक ठरावीक काम सोपवते. एका घरात आजोबांनी रात्री दप्तर भरण्याची जबाबदारी घेतली : दाराच्या मागे चित्रांची यादी, आजोबा फक्त चित्रावर बोट ठेवणार, वस्तू नातू टाकणार. औषधाला विरोध करणारी माणसे अशी कामात सामील झाली की त्यांचा विरोध मावळतो असे नाही, पण मुलाची अडचण त्यांना जवळून दिसते.

शाळेचा भाग घराइतकाच मोठा आहे. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात शिक्षिकेकडून फार मागता येत नाही हे मान्य करून मी तीनच गोष्टी मागते. त्याची जागा पुढच्या बाकावर, दारा-खिडकीपासून दूर आणि शांत मुलाशेजारी असावी. तासात एकदा त्याला उठायचे अधिकृत काम मिळावे, जसे वह्या वाटणे, फळा पुसणे, कार्यालयात हजेरीपुस्तक नेऊन देणे. आणि मधली सुट्टी किंवा खेळाचा तास शिक्षा म्हणून कापू नये, कारण ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज आहे त्याचीच हालचाल काढून घेतल्याने पुढचे दोन तास आणखी बिघडतात.

याला जोडून रोजचे प्रगतिपत्रक सुरू करावे. शाळेतील उपायांपैकी याच्यामागे पुरावा चांगला आहे आणि खर्च शून्य आहे. डायरीत रोज तीन ओळी असतात : 'फळ्यावरचे उतरवून घेतले', 'बोलण्याआधी हात वर केला', 'वस्तू परत पिशवीत ठेवल्या'. मधल्या सुट्टीआधी आणि नंतर शिक्षिका प्रत्येकीपुढे फक्त खूण करतात. सहापैकी चार खुणा मिळाल्या की घरी ठरलेली गोष्ट मिळते. सुरुवातीला पातळी इतकी खाली ठेवा की पहिल्या आठवड्यात तो पाचपैकी चार दिवस जिंकेल. शाळेकडून नेहमी तक्रारच घेऊन येणाऱ्या डायरीत प्रथमच काही बरे दिसते, याचा परिणाम आईवरही होतो. शाळा सहकार्य करीत नसेल तर एकाच शिक्षिकेबरोबर, एकाच तासापुरते सुरू करा. पुढे बोर्डाच्या परीक्षांत मिळणाऱ्या सवलतींबद्दल पालक विचारतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे, एडीएचडीची स्वतंत्र नोंद नाही. म्हणून दोन्ही असण्याची शंका असेल तर मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सरकारमान्य केंद्रात रीतसर तपासणी करून घेणे पुढच्या वर्षांसाठी महत्त्वाचे ठरते.

झोपेकडे फार कमी लक्ष दिले जाते. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. सकाळच्या शाळेसाठी साडेपाचला उठणारे मूल रात्री साडेदहाला झोपत असेल, तर सात तासांत त्याचे भागत नाही, आणि अपुरी झोप मुलांना मलूल करण्याऐवजी अधिक चंचल करते. ऑस्ट्रेलियात २४४ मुलांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केवळ झोपेच्या सवयींवर मार्गदर्शन केल्याने एडीएचडीची लक्षणेही काही प्रमाणात कमी झाली. रोज ठरलेली वेळ, झोपण्यापूर्वी तासभर टीव्ही-मोबाइल बंद, जेवण लवकर आणि अंधारी खोली, एवढ्यावर सुरुवात करा. घरातले सगळे टीव्हीसमोर बसलेले असताना फक्त त्यालाच आत पाठवले तर हे होणार नाही.

व्यायामाचा परिणाम लगेच आणि थोड्या वेळासाठी मिळतो. वीसेक मिनिटे दम लागेल असा व्यायाम केल्यानंतर लक्ष सुधारते असे छोट्या अभ्यासांत दिसले आहे, म्हणून मी तो गृहपाठाच्या आधी ठेवायला सांगते. खो-खो, लंगडी, पोहणे, मल्लखांब, काहीही चालेल. ज्या खेळात आपली पाळी येईपर्यंत फार वेळ उभे राहावे लागते तो सुरुवातीला टाळा. क्रिकेटमध्ये सीमारेषेवर उभे केलेले असे मूल फुलपाखरे मोजत बसते आणि संघातून ओरडा खाते. योग आणि ध्यानावरचे अभ्यास अजून लहान आहेत. सूर्यनमस्कार व्यायाम म्हणून उत्तम, पण डोळे मिटून स्थिर बसण्याची सक्ती या वयात करू नये.

आहाराबद्दल घरोघरी पक्की मते असतात, त्यामुळे स्पष्ट सांगते. साखरेने एडीएचडी होत नाही आणि वाढतही नाही. १९९५ साली अनेक अभ्यास एकत्र तपासून हेच दिसले. त्याच्या आदल्या वर्षीच्या एका प्रयोगात मुलांना साखर दिलीच नव्हती, तरी 'साखर दिली आहे' असे सांगितलेल्या आयांना आपली मुले अधिक चंचल वाटली. कृत्रिम रंगांची गोष्ट वेगळी आहे. ब्रिटनमध्ये साउथॅम्प्टन येथील २००७ सालच्या अभ्यासात काही रंग आणि सोडियम बेन्झोएट हे पदार्थ टिकवणारे रसायन यांच्या मिश्रणाने सर्वसाधारण मुलांतही चंचलता किंचित वाढलेली दिसली, आणि २०१० पासून युरोपात टार्ट्राझिन, सनसेट यलो यांच्यासह सहा रंग असलेल्या पदार्थांवर तशी सूचना छापावी लागते. रंगीत गोळे, जेली आणि भडक पिवळ्या कुरकुरीत पाकिटांशिवाय मुलाचे काही अडत नाही, म्हणून ती कमी करावीत. मात्र त्यातून मोठा बदल होईल असे मानू नये. ओमेगा-३ च्या पूरक गोळ्यांचा परिणाम असला तरी थोडा आहे. रक्तात लोह कमी असेल तर ते भरून काढणे गरजेचे आहे. सकाळी नुसत्या दुधावर शाळेत जाणाऱ्या मुलाला अंडे, धिरडे किंवा शेंगदाण्याची चटणी-भाकरी मिळाली तर पहिल्या दोन तासांची स्थिती बदलू शकते, हे मात्र मी पाहिले आहे.

जिथे पैसा आणि उमेद वाया जाते तेही सांगणे माझे कर्तव्य आहे. न्यूरोफीडबॅक (मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवून त्या बदलायला शिकवणे) आणि संगणकावरील स्मरणशक्तीचे खेळ यांत मूल त्या खेळात पटाईत होते, पण वर्गातल्या वागण्यात तो फरक क्वचितच उतरतो. कोणाला कोणता उपचार मिळाला हे माहीत नसलेल्या व्यक्तीने मोजले की परिणाम फार लहान दिसतो. डोळे बांधून वाचायला शिकवणाऱ्या 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'ला कोणताही शास्त्रीय आधार नाही. ऑक्युपेशनल थेरपीचा उपयोग अक्षर, बटणे, शरीराचा तोल अशा अडचणींसाठी होतो. मुलाला एवढ्यासाठी पाठवत असाल तर अवश्य पाठवा, पण तिच्याने एडीएचडी जाईल या आशेने महिन्याला बारा सत्रे लावू नका. घटक न छापलेली 'बुद्धिवर्धक' चूर्णे देऊ नका. वर्तनोपचारालाही मी हाच निकष लावते : २०१३ साली एडमंड सोनुगा-बार्क आणि सहकाऱ्यांनी असे तटस्थ मोजमाप असलेले अभ्यास वेगळे काढून पाहिले तेव्हा मूळ लक्षणांवरचा वर्तनोपचाराचा परिणामही बराच कमी झाला. मात्र पालकांची वागणूक सुधारणे आणि मुलाची आदळआपट, हट्ट, उलट उत्तरे कमी होणे, हे फायदे पुढच्या वर्षीच्या विश्लेषणात तटस्थ मोजमापातही टिकले. म्हणजे तुमचे मूल चंचल राहील, पण तुमच्या घरात भांडण कमी होईल. माझ्या मते ही छोटी गोष्ट नाही.

पुरेसे होईल का, या प्रश्नाचे उत्तर तारीख ठरवून द्यावे. आजपासून बारा आठवडे धरा. तीन गोष्टी लिहून ठेवा : गृहपाठाला लागलेली मिनिटे, दिवसातली रडारड, आणि शाळेच्या खुणा. बारा आठवड्यांनी आकडे सरकले असतील तर असेच चालू ठेवा. सरकले नसतील, अभ्यासात तो सतत मागे पडत असेल, मित्र उरले नसतील, रस्त्यावर धावत सुटण्यासारखा धोका असेल, किंवा 'मी मूर्खच आहे' असे तो स्वतःबद्दल बोलू लागला असेल, तर औषधाचा निर्णय पुढे ढकलू नका. आजी-आजोबांना तेव्हा आकडे दाखवा. युक्तिवादापेक्षा ते जास्त पटतात. शेवटच्या दोन गोष्टी घडत असतील तर बारा आठवडेही थांबू नका. आणि एकदा सुरू झालेले औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

खासगी सत्रांचा खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तिथे १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार मोफत होतात. तुमची स्वतःची मनःस्थिती ढासळते आहे असे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. थकलेल्या आईला ठिकऱ्यांचा तक्ता चालवता येत नाही, म्हणून हा सल्ला मी उपचाराचाच भाग मानते.

मुलाला सांगावे का? सांगावे, आणि बाहेरून कळण्याआधी सांगावे. त्याला आपण वेगळे आहोत हे केव्हाच कळलेले असते. त्याच्याकडे त्यासाठी फक्त 'वेडा', 'मस्तीखोर', 'आळशी' हे शब्द असतात. मी मुलांना असे सांगते : 'तुझ्या डोक्यात विचार फार वेगाने धावतात आणि त्यांचा ब्रेक जरा उशिरा लागतो. काही मुलांना चष्मा लागतो, तसे तुला ब्रेक लावायला मदत लागते. ती मदत कुठली ते आपण शोधतोय.' तीन-चार वाक्यांत संपवा आणि त्याला जे येते तेही त्याच वेळी सांगा. पुढे आपल्याला काय हवे हे तो स्वतः मागू लागतो. माझ्याकडे दोन वर्षे येत असलेला एक मुलगा जूनमध्ये चौथीत गेला तेव्हा पहिल्याच दिवशी नव्या बाईंजवळ जाऊन म्हणाला, 'मला खिडकीपाशी नको, मला तिथून सगळंच दिसतं.' बाईंनी त्याला पुढच्या बाकावर बसवले. तुमच्या मुलाचे हे वर्ष संपायला अजून वेळ असेल तर याच आठवड्यात त्याच्या वर्गशिक्षिकेची वेळ घ्या, डायरीतल्या तीन ओळी सोबत लिहून न्या, आणि त्या ओळी ठरवताना त्यालाही शेजारी बसवा.